अंगठ्याची वाटी

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा त्याच्या एका हातात आईची पर्स होती, दुसऱ्या हातात आईची छत्री होती, आणि आई कुठेच नव्हती.

"सॉरी हं... इथे एक बाई आल्या होत्या का? साधारण एवढ्या उंचीच्या, राखाडी स्वेटर—"

"या का?" मी हनुवटीनेच दाखवलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते.

त्याची आई माझ्या समोरच्या स्टुलावर ऐटीत बसली होती. रांगेतल्या सहा जणांना ओलांडून ती पुढे आली होती आणि एकानेही तिला हटकलं नव्हतं. तो कपाळाला हात लावून हसला. दमलेल्या माणसाचं हसू होतं ते. मला तेव्हाच ते आवडलं, उगाच लपवाछपवी कशाला!

आमच्या बागेत वर्षातून एकदा कलादिवस भरतो. गवताच्या प्रत्येक तुकड्यावर काही ना काही चाललेलं असतं. त्या दिवशी बँडस्टँडवर निवृत्त मंडळी एकाच गाण्याला चार वेगवेगळ्या चाली लावत होती. कारंज्याजवळ एक गृहस्थ खोक्यावर उभे राहून स्वतःच्या कविता वाचत होते, आणि त्यांची बायको पहिल्या रांगेत एकटीच बसून टाळ्या वाजवत होती. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. माझं टेबल झाडाखाली होतं. या, बसा, मातीत हात घाला, काहीतरी घडवा. मी ते कार्यशाळेत नेऊन वाळवीन, भट्टीत भाजीन, आणि आठवड्याभराने तुमचं तुम्हाला परत देईन. एवढंच माझं काम.

"चाक नको मला," काकू म्हणाल्या. "मनगटात जोर नाही. नुसता गोळा दे."

मी गोळा दिला. त्यांनी तो तळहातावर तोलला. "चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले गं मी. कापड कसं, सांगितलेलं ऐकतं. ही तुझी माती भलतीच हट्टी दिसतेय."

"माझ्यासारखीच आहे."

"मग आमच्याकडे खपेल," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. तो मात्र कानापर्यंत लाल झाला.

पाऊण तास खपून त्यांनी एक वाटी केली. कडा वाकडी, पोट फुगलेलं, आणि बूड हे एवढं जाड.

"आई, ही वाटी आहे की वीट?"

"विटा-सिमेंट तुझं खातं. माझी वाटीच आहे." मग त्यांनी कडेखाली उजवा अंगठा दाबला, चांगला जोर लावून. त्या अंगठ्यातून कधीकाळी शिलाई मशीनची सुई आरपार गेली होती. नख दुभंगलेलं होतं आणि पेरावर आडवा व्रण होता. ओल्या मातीत तो व्रणही उमटला. "ही माझी सही. आता कुणी म्हणू दे ही माझी नाही म्हणून."

त्या गाणं ऐकायला बँडस्टँडकडे गेल्यावर तो माझ्या टेबलापाशी थांबला. तो पूल बांधणाऱ्या कंपनीत होता, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. महिनाभराची रजा काढून आला होता.

"एवढी मोठी रजा? भलतेच लाडके दिसता साहेबांचे."

"डॉक्टरांनी बोलावून घेतलं." तो छत्रीची मूठ उगाच फिरवत राहिला. "महिना म्हणालेत... फार तर सव्वा. आज बागेत जायचंच म्हणून हटून बसली होती. वाटी... लवकर मिळेल ना?"

"आठवड्यात," मी म्हणाले. आणि मनापासून म्हणाले.

तिसऱ्याच दिवशी तो कार्यशाळेत हजर. बाहेर पाऊस पडत होता आणि त्याच्या चष्म्यावर थेंब होते.

"झाली का वाळून?"

"पूलवाले, आठवडा म्हणजे सात दिवस. तुमच्याकडे किती धरतात?"

"आमच्याकडे आठवडा म्हणजे तीन महिने. म्हणून तर पूल वेळेवर होत नाहीत."

मी फळीवरून वाटी उतरवली आणि गालाला लावली. तो बघतच राहिला.

"हे काय?"

"असंच तपासतात. गालाला गार लागली तर आत पाणी आहे. आत पाणी असताना भट्टीत घातली, तर त्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. पहिल्याच दिवशी शिकवतात हे."

"बघू." त्याने वाटी आपल्या गालाला लावली आणि डोळे मिटले. "गार आहे... की माझा गालच तापलाय? खात्री करायला दुसरा गाल लागेल."

"ती सोय इथे नाही. पुढच्या वेळी घरून घेऊन या."

पुढच्या वेळी तो एकटाच आला. त्याच्या पुढच्या वेळीही. संध्याकाळी तासभर काकूंचा डोळा लागायचा, तेवढ्यात तो धावत यायचा. मी माती मळायची आणि तो समोरच्या पिंपावर बसून बोलायचा. पुलाचा पहिला खांब पाण्यात उतरवतात तेव्हा सगळे कसे गप्प होतात, ते त्याने सांगितलं. आई आता अर्धी पोळीसुद्धा खात नाही, हेही त्याच सुरात सांगितलं. मी त्याच्या हातात मातीचा एक गोळा दिला. तो नुसताच दाबत राहिला. जाताना त्याचे हात मी धुवून दिले. म्हणजे नळ तो सोडू शकला असता... पण त्याने सोडला नाही आणि मीही त्याला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी वाटीची कडा फिकट झाली. मातीचा रंग असा उतरू लागला की समजायचं, आता वाळत आली. बूड जाड होतं म्हणून आणखी तीन दिवस धरले असते. मग भट्टी, आणि मग तो वाटी घेऊन जाणार. आणि त्यानंतर त्याने कुठल्या निमित्ताने यायचं?

आता जे मी केलं ते सांगते. कार्यशाळेला कुलूप लावण्याआधी मी एक फडकं ओलं केलं, वाटीभोवती गुंडाळलं आणि वर प्लास्टिकची पिशवी चढवली. मोठी भांडी तडकू नयेत म्हणून आम्ही असं करतो. लहानशा वाटीला ते कुणी करत नाही. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी पिशवी काढली आणि वाटी फळीवर ठेवली. त्याने ती गालाला लावली.

"अजून गारच?"

"हवाच अशी आहे ना," मी म्हणाले.

अकरा दिवस मी हे केलं. एकही दिवस चुकवला नाही. माणूस प्रेमात आंधळा होतो म्हणतात, पण मला सगळं नीट दिसत होतं. त्याचे ओले बूट दिसत होते, पिंपावरची त्याची ठरलेली जागा दिसत होती. फक्त काकूंचा महिना तेवढा मी बघितला नाही.

मधे एकदा त्यांचाच फोन आला. आवाज खोल गेला होता, पण खोडी तशीच होती. "काय गं मातीवाली, तुझी माती वाळत नाही की आमच्या चिरंजीवांचे पाय तिथून निघत नाहीत?"

"काकू, तुमचं बूडच जाड आहे—" मी जीभ चावली. "म्हणजे... वाटीचं!"

त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला घाई नसेल गं. मला आहे."

मी लाजले. मला वाटलं, आमच्या लग्नाचं बोलतायत.

मग एका दुपारी त्याने मला घरी नेलं. तिसरा मजला, दोन खोल्या. खिडकीपाशी काकूंची खाट आणि खाटेला लागून शिलाई मशीन, झाकण घातलेलं, त्यावर औषधांच्या बाटल्या. बागेत रांग मोडून पुढे घुसलेल्या बाईचं आता पांघरुणाखाली काही उरलं नव्हतं. त्यांनी माझे हात हातात घेतले. मग एक हात उचलून स्वतःच्या गालाला लावला.

"गार आहेत. म्हणजे आत पाणी आहे," त्या म्हणाल्या. लेकाने घरी येऊन सगळं साग्रसंगीत सांगितलेलं दिसत होतं. "माझी वाटी आणली नाहीस?"

"ओली आहे अजून, काकू."

त्यांच्या डोळ्यांत बघून मी हे बोलले.

जिन्यात तो मला सोडायला आला. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला होता. त्याने माझं एक बोट धरलं, फक्त एक, नखात माती अडकलेलं.

"ती गेल्यावर मला इथे कुणी नाही," तो म्हणाला. "तिथे तर नाहीच. तिथे नुसता पूल आहे. तू... तू येशील का माझ्याबरोबर? तिथेही माती आहे. नदीकाठची आहे, चांगली आहे, मी विचारून ठेवलंय."

"मातीचं विचारलंस आणि मला नाही?"

"आत्ता विचारतोय ना! पण आत्ता नको सांगूस. आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही, तू हो म्हणालीस तरी मला रडू येईल. वाटी देशील ना, त्या दिवशी सांग."

मी तिथून थेट कार्यशाळेत गेले. चालत नाही, जवळजवळ धावतच. पिशवी फाडून काढली, फडकं फेकलं आणि वाटी पंख्यासमोर ठेवली. पाच दिवस, मी मनात हिशेब केला. पाच दिवसांत काकूंच्या हातात वाटी आणि त्याच्या हातात माझं उत्तर. इतकी खूश होते मी की रिकाम्या कार्यशाळेत मोठ्याने बोलत होते.

काकू तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. रविवार होता.

त्याने फोन केला. एवढंच म्हणाला, "सकाळी विचारत होती गं. वाटी आली का म्हणून."

सोमवारी तो दारात उभा होता. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. आत आला नाही. "रजा संपली. शुक्रवारी निघतोय. घर बंद करतोय... मशीन देऊन टाकतोय. तिचं असं, तिच्या हाताचं असं, वाटी तेवढीच आहे."

"शुक्रवारी सकाळी ये," मी म्हणाले. "तयार ठेवते."

तो गेल्यावर मी वाटी गालाला लावली. कडा कोमट होती, पोट कोमट होतं. बूड गार होतं.

बारा वर्षं मी हे काम करतेय. बूड गार असताना भट्टी लावायची नाही, हे मी शाळेतल्या मुलांनाही शिकवते. त्याला सांगायला हवं होतं की वाळली नाही, भाजून पाठवते, पत्ता दे. साधी गोष्ट होती. पण पाठवली असती तर तो समोर नसता, आणि उत्तर मला समोरासमोर द्यायचं होतं. भट्टी अगदी मंद ठेवू, अंश-अंशाने चढवू, असं स्वतःला समजावून मंगळवारी सकाळी मी वाटी आत ठेवली.

दुपारी आवाज आला. मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी दार लावून घ्यावं तेवढाच.

भट्टी निवेपर्यंत मी जमिनीवर बसून होते. उघडली तेव्हा आत वाटी नव्हती. भुगा होता, आणि नखाएवढे तुकडे. मी चिमट्याने एकेक उचलला आणि कागदावर मांडला. दोन तासांनी त्या अंगठ्याचा तुकडा सापडला. व्रणाची आडवी रेघ त्यात स्पष्ट दिसत होती. मी तो बोटांनी उचलला आणि तो बोटांतच विरला.

मी फोन घेतला. त्याचं नाव काढलं. मी त्याला "पूलवाला" म्हणूनच नोंदवलं होतं. त्या नावाकडे बघत बसले. काय सांगायचं होतं? की वाटी फुटली? ते सांगता आलं असतं, भांडी फुटतात. पण त्याने विचारलं असतं, इतक्या दिवसांत वाळली कशी नाही. आणि मग मला सांगावं लागलं असतं की तुझ्या आईची वाटी ती असतानाच तयार झाली असती. तिने ती हातात धरली असती. मी ती ओली ठेवली, तू यावास म्हणून.

मी फोन खाली ठेवला.

भट्टीची आच नीट चढायच्या आत फुटलेली माती भाजलेली नसते. पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते. मी तो सगळा भुगा, कागद झटकून, एका भांड्यात घातला आणि वर पाणी ओतलं. बुडबुडे आले आणि तुकडे बसत गेले. बुधवारी सकाळपर्यंत त्याचा लोण्यासारखा चिखल झाला होता. तो पाणी शोषणाऱ्या प्लास्टरच्या लादीवर पसरून आटवला, मळला आणि गोळा केला. कलादिवसाला शेजारी रंगांचं टेबल मांडणाऱ्या मैत्रिणीने काढलेला एक फोटो माझ्या फोनमध्ये होता: काकू, हातात वाटी, दात काढून हसतायत. तो समोर ठेवला. तीच वाकडी कडा, तेच फुगलेलं पोट. बूड मात्र पातळ ठेवलं. यावेळी मी ठेवलं.

मग कडेखाली माझा अंगठा दाबला. सुईने त्यात आडवी रेघ ओढली.

रिकामी भट्टी मंद लावून तिच्या कोमट झाकणावर ठेवली, ती गुरुवारी सकाळपर्यंत वाळली. मी ती गालाला लावली. बूडसुद्धा गार नव्हतं.

शुक्रवारी तो आला तेव्हा पाऊस थांबलेला होता. खांद्यावर बॅग होती आणि दाढी केली होती. हनुवटीवर एक छोटासा काप होता. माझ्यासाठी नीटनेटका होऊन आला होता तो, हे मला कळत होतं.

मी वाटी त्याच्या हातात दिली. भाजून ती तांबूस झाली होती.

"हलकी झाली गं," तो म्हणाला.

"भाजल्यावर पाणी जातं सगळं. हलकी होते." हे खरंच आहे. कुणालाही विचारा.

त्याने वाटी फिरवली. खूण दिसली. मग त्याने आपला अंगठा हळूच त्या खळग्यात ठेवला. मावला नाही. खळगा अरुंद होता, त्याचा अंगठा कडेला अडत होता. त्याने पुन्हा ठेवून बघितला. ओळख, मी मनात म्हणत होते. ओळख आणि विचार मला. तू विचारलंस तर मी सगळं सांगेन.

"आजारात किती बारीक झाली होती ना तिची बोटं," तो म्हणाला. "माझं लक्षच नव्हतं."

आणि वाटी गालाला लावून तो रडायला लागला. बागेत, घरी, जिन्यात, एकदाही न रडलेला माणूस माझ्या कार्यशाळेत पिंपावर बसून लहान मुलासारखा रडला. "तिचीच आहे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तिचीच आहे ना गं?"

"हो," मी म्हणाले.

त्याने डोळे पुसले, चष्मा पुसला आणि वाटी स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळली. मग माझ्याकडे बघून हसला. तेच दमलेलं हसू, पण आता त्यात थोडी उमेद होती.

"आता तुझं. ठरल्याप्रमाणे. येतेस?"

मी त्याचं तिथलं घर बघितलेलं नाही, तरी मला ते दिसलं. नदीकडे उघडणारी खिडकी, खिडकीत ती वाटी. रोज सकाळी तो तिच्यात अंगठा ठेवणार आणि मी चहाचे कप घेऊन शेजारी उभी. रोज. म्हातारी होईपर्यंत. कधीतरी माझा हात हातात घेऊन तो माझा अंगठा नीट बघेल, या भीतीने मी तो कायम मुठीत धरणार.

"नाही," मी म्हणाले.

"नाही... म्हणजे आत्ता नाही? की—"

"म्हणजे नाही."

"मला वाटलं होतं..." एवढंच बोलला. "इतके दिवस, रोज... तू पण..."

"वाटीसाठी येत होतास ना," मी म्हणाले. "मिळाली."

इतकं वाईट मी आयुष्यात कुणाशी बोलले नाही. त्याने मान हलवली. बॅग उचलली. दारात वळून म्हणाला, "तरीपण थँक्यू. तिच्यासाठी एवढं केलंस." आणि गेला. मी खिडकीपाशी गेले नाही.

यंदाही बागेत कलादिवस भरला. मी तेच टेबल मांडलं, त्याच झाडाखाली. बँडस्टँडवरची मंडळी एका चालीवर आली होती. चौघांपैकी दोघं आता येत नाहीत म्हणून असेल. एक आजोबा नातीसाठी बशी करत होते. "कधी मिळेल?" त्यांनी विचारलं. मी वार सांगितला. हल्ली मी सांगितलेला वार एक दिवसही पुढे जात नाही. फडकी आणि पिशव्या मी वर माळ्यावर टाकून दिल्या आहेत.

दुपारी फोन वाजला. टेबलाच्या कडेला ठेवला होता, पडद्यावर नाव दिसलं. वर्षभरात त्याने चारदा लिहिलंय, रागाचा एक शब्द नाही. मी उत्तर दिलेलं नाही. या वेळी फोटो होता. खिडकी, पलीकडे नदी, पुलाचे तीन खांब उभे राहिलेले, आणि अलीकडे वाटी. खाली लिहिलं होतं:

"आज तुमचा कलादिवस ना? सकाळी बराच वेळ अंगठा ठेवून बसलो होतो. वेडेपणा वाटेल तुला, पण कुणीतरी हात धरलाय असं वाटतं."

मी ते दोनदा वाचलं. समोर आजोबा बशीची कडा सारखी करून दाखवत होते. बरी आहे का, विचारत होते. मी छान म्हणाले. फोनचा पडदा थोड्या वेळाने आपोआप काळा झाला. माझे हात कोपरापर्यंत मातीत होते, आणि उत्तर द्यायचं तर ते आधी धुवावे लागले असते.